साठीतली विमाने आणि शिशाचे पेट्रोल

मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश म्हणजे अल्जीरिया. जुलै 2021 मध्ये तिथली विक्रीही थांबली. भारताने 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर हे पेट्रोल बंद केले होते आणि अमेरिकेने त्याच्या चार वर्षे आधी. तरीही अमेरिकेतल्या बहुतेक छोट्या विमानतळांवरच्या पंपातून आजही निळसर पेट्रोल येते आणि त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये 0.56 ग्रॅमपर्यंत शिसे असते. ते घेणारी विमाने दोन-चार आसनांची असतात, आणि त्यांतली बरीचशी ती चालवणाऱ्या वैमानिकांपेक्षा वयाने मोठी असतात.

या इंधनाचे नाव अ‍ॅव्हगॅस 100 एलएल. ‘एलएल’ म्हणजे ‘लो लेड’, कमी शिशाचे. याची गंमत अशी, की 1950-60 च्या दशकांत बांधलेल्या असंख्य छोट्या इंजिनांना एवढ्या शिशाची गरज कधीच नव्हती. ज्या पेट्रोलसाठी ती इंजिने घडवली गेली, त्याच्या चौपट शिसे या ‘कमी शिशा’च्या इंधनात असते.

विमाने म्हातारी का?

सेस्ना 172 हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान आहे. 1956 पासून आजवर अशी 44 हजारांहून अधिक विमाने तयार झाली. तिचे धाकटे भावंड म्हणजे दोन आसनांचे सेस्ना 150. 1977 पर्यंत त्याची सुमारे 24 हजार विमाने बनली आणि जगभरातल्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. पुढे अपघातांनंतर उत्पादकांवर होणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा बोजा इतका वाढला, की 1986 मध्ये सेस्नाने पिस्टन इंजिनाची विमाने बनवणेच थांबवले. 1994 मध्ये अमेरिकी संसदेने उत्पादकांच्या जबाबदारीला कालमर्यादा घालणारा कायदा केला आणि 1996 मध्ये सेस्ना 172 चे उत्पादन पुन्हा सुरू झाले. नवीन विमानांची किंमत मात्र सामान्य हौशी वैमानिकाच्या आवाक्याबाहेर गेली ती गेलीच. त्यामुळे अमेरिकेतल्या एक इंजिनी विमानांचे सरासरी वय आज चाळिशीच्या वर आहे.

विमान इतके टिकते, कारण त्याची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. दर बारा महिन्यांनी ते उघडून पाहावे लागते. भाड्याने दिले जात असेल तर दर 100 तासांनीही. सांगाडा टिकतो, इंजिन पुन्हा पुन्हा नव्याने बांधता येते. बदलत गेले ते इंधन.

ठोका आणि त्यावरचा उतारा

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. ती पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण वाढत्या दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, तर दाबाची तीव्र लाट उठते आणि इंजिन ‘ठोके’ देऊ लागते. मोटारीत हा आवाज चालकाच्या कानावर पडतो. विमानात तो पंख्याच्या गोंगाटात बुडून जातो, आणि वैमानिकाला कळेपर्यंत पिस्टनला भोक पडलेले असू शकते.

विमानाच्या इंजिनाला हा धोका जास्त असतो. सेस्ना 150 चे कॉन्टिनेंटल ओ-200 इंजिन 3.3 लिटर क्षमतेचे, पण देते फक्त 100 हॉर्सपॉवर. आज आपल्याकडच्या 1.2 लिटरच्या मोटारीही या आकड्याच्या जवळ जातात. फरक असा, की ओ-200 मिनिटाला 2,750 फेऱ्यांवर ही शक्ती तासन्‌तास देऊ शकते. त्याचे चार सिलिंडर 10 सेंटिमीटरहून अधिक रुंद असून ते केवळ वाऱ्याने थंड होतात. रुंद सिलिंडरमध्ये ज्योतीला लांबचा पल्ला गाठायचा असतो आणि तेवढ्यात ठोका बसायला वाव मिळतो.

यावरचा उतारा डिसेंबर 1921 मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहरात सापडला. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिज्ली यांनी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळून पाहिले आणि ठोके थांबले. ज्वलनात या संयुगापासून शिशाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण तयार होतात आणि अवेळी पेटवणारी रासायनिक साखळी ते तोडतात. हे संयुग जहाल विषारी आहे, हेही लगेच दिसून आले. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत ते बनवताना पाच कामगार दगावले. उत्पादन मात्र थांबले नाही.

ठोके टाळण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेनच्या आकड्याने मोजतात. विमानांसाठी 100 ऑक्टेनच्या इंधनाचा आग्रह धरला तो जेम्स डूलिटल यांनी. ते विक्रमवीर वैमानिक होते आणि तेव्हा शेल कंपनीत नोकरीला होते. त्या वेळी असे इंधन लागणारे इंजिनच बाजारात नव्हते, तरीही त्यांनी कंपनीला ते बनवायला लावले. 1934 मध्ये अमेरिकी लष्कराला त्याचा पहिला पुरवठा झाला. 1940 मध्ये ब्रिटनच्या आकाशातल्या लढाईत त्याचे मोल कळले. स्पिटफायर आणि हरिकेनमधल्या मर्लिन इंजिनात हे इंधन आल्यावर हवेचा दाब वाढवता येऊ लागला आणि ऐन चढाईत त्याच इंजिनातून सुमारे 1,300 हॉर्सपॉवर मिळू लागली. आधी ती हजाराच्या आसपास होती.

लाल, हिरवे, निळे

युद्धानंतर विमानाचे पेट्रोल अनेक दर्जांत मिळत असे आणि चूक होऊ नये म्हणून प्रत्येकाला रंग दिलेला असे. कमी दाबाच्या छोट्या इंजिनांसाठी 80/87 दर्जाचे लाल पेट्रोल होते. त्यात लिटरमागे शिसे जास्तीत जास्त 0.14 ग्रॅम. जास्त दाबाच्या इंजिनांसाठी हिरवे 100/130 होते, त्यात 1.12 ग्रॅमपर्यंत. मोठ्या लढाऊ व प्रवासी इंजिनांसाठी जांभळे 115/145 होते. मोठी विमाने जेट झाली तसे जांभळे मागे पडले. उरलेल्या छोट्या बाजारासाठी प्रत्येक विमानतळावर दोन-दोन टाक्या आणि दोन-दोन टँकर पाळणे तेल कंपन्यांना परवडेना. म्हणून 1970 च्या दशकात लाल आणि हिरवे या दोन्हींच्या जागी एकच निळे 100 एलएल आणले गेले. हिरव्याच्या तुलनेत त्यात शिसे निम्मे होते, म्हणून ते ‘कमी शिशाचे’ ठरले. लाल पेट्रोल वापरणाऱ्यांसाठी ते चौपट होते.

आकडेमोड करून पाहू. ओ-200 इंजिन तासाला सुमारे 22 लिटर पेट्रोल पिते. निळ्या इंधनात शिसे पूर्ण मर्यादेइतके असेल तर तासाला 12 ग्रॅमहून अधिक शिसे इंजिनातून जाते. हे इंजिन दर 1,800 तासांनी पूर्ण खोलून नव्याने बांधावे, अशी उत्पादकाची शिफारस आहे. तेवढ्या अवधीत 22 किलो शिसे त्यातून गेलेले असते. लाल पेट्रोलवर हाच आकडा साडेपाच किलोच्या आसपास राहिला असता.

नको असलेले शिसे

हे शिसे बाहेर पडावे म्हणून इंधनात एथिलिन डायब्रोमाइड मिसळलेले असते. ज्वलनात त्यापासून लेड ब्रोमाइड बनते आणि ते वायुरूपाने धुरावाटे निघून जाते, पण त्यासाठी ज्वलनकक्ष पुरेसा तापायला हवा. कमी दाबाचे, थंड चालणारे इंजिन तेवढे तापत नाही. मग शिशाचे राखाडी मणी स्पार्क प्लगच्या तोंडाशी साचतात आणि ठिणगी मरते. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना वीज पुरवणारे इंजिनाचे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असल्याने इंजिन बंद पडत नाही. मात्र उड्डाणापूर्वीच्या चाचणीत एक मॅग्नेटो बंद केल्यावर इंजिन अडखळू लागते आणि वैमानिक विमान पुन्हा हँगरकडे वळवतो. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही बसतो आणि व्हॉल्व्ह अडकू शकतो. तेलातही गाळ होतो.

यावरचे उपाय साधे आहेत. मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण किती ठेवायचे, हे या विमानांत वैमानिक हाताने ठरवतो. जमिनीवर विमान चालवतानाही मिश्रण पातळ ठेवले तर काजळी आणि शिसे कमी साचते. तेलाला फिल्टर असेल तर दर 50 तासांनी तेल बदलायचे, नुसती जाळी असेल तर दर 25 तासांनी. उड्डाणे कमी झाली तरी चार महिन्यांपलीकडे ते ठेवायचे नाही.

मोटारीचे पेट्रोल विमानात

लाल पेट्रोल दुर्मीळ होऊ लागले, तेव्हा विस्कॉन्सिन राज्यातल्या एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनने वेगळी वाट शोधली. संस्थेने एका सेस्ना 150 वर मोटारीच्या पेट्रोलच्या दीर्घ चाचण्या घेतल्या आणि 1982 मध्ये ते वापरण्याची सरकारी मंजुरी मिळवली. पुढे नेब्रास्कातल्या पीटरसन एव्हिएशनने आणखी कितीतरी इंजिनांसाठी अशा मंजुऱ्या मिळवल्या. मालकाने इंजिनाच्या हॉर्सपॉवरनुसार शुल्क भरायचे, टाकीवर नवे लेबल लावायचे आणि कागदपत्रे विमानात ठेवायची. बऱ्याच विमानांना याहून अधिक काही करावे लागत नाही.

पण प्रत्येक विमानाला ही सवलत मिळत नाही. मोटारीच्या पेट्रोलचा बाष्पदाब जास्त असतो, म्हणजे ते लवकर उकळते. विमानाच्या पेट्रोलवर या बाबतीत कडक मर्यादा असते. तापलेल्या इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ झाली तर प्रवाह तुटतो. सेस्ना 150 चे पंख वर असतात आणि पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली येते, त्यामुळे तिथे हा धोका कमी असतो. पायपर चेरोकीसारख्या विमानाचे पंख खाली असतात आणि पंपाला पेट्रोल वर ओढावे लागते. तिथे काही मॉडेलांना पंपांची व नळ्यांची रचना बदलल्याशिवाय मंजुरी मिळत नाही.

दुसरी अडचण इथेनॉलची. अमेरिकेत 2005 च्या ऊर्जा कायद्यानंतर पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल आले. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषते, जुने रबरी सील व टाकीतले सीलंट बिघडवते आणि थंडीत पाण्यासह वेगळे होऊन तळाला बसू शकते. म्हणून जुन्या विमानांच्या या मंजुऱ्यांत इथेनॉलला पूर्ण बंदी आहे. त्याची तपासणी कुणालाही करता येते. काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन पातळीवर खूण करायची, वर पेट्रोल ओतून हलवायचे आणि स्थिर होऊ द्यायचे. पाण्याची पातळी खुणेच्या वर चढलेली दिसली, तर पेट्रोलमधले इथेनॉल पाण्यात उतरले आहे. असे पेट्रोल विमानात भरायचे नाही.

तासाचा हिशेब

विमानाचा खर्च किलोमीटरवर मोजत नाहीत, तासावर मोजतात. सोयीसाठी असे धरू, की निळे पेट्रोल गॅलनला 6 डॉलर आहे आणि इथेनॉलविरहित मोटारीचे पेट्रोल 4 डॉलर. तासाला 6 गॅलन पिणाऱ्या ओ-200 साठी हा फरक 12 डॉलरचा. वर्षाला 100 तास उडणाऱ्याचे 1,200 डॉलर वाचतात. इंजिनाच्या 1,800 तासांच्या आयुष्यात ही बचत 21,600 डॉलर होते. इंजिन नव्याने बांधण्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा यातून निघू शकतो.

तरीही इंधन म्हणजे सगळा खर्च नव्हे. हँगरचे भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी यांचे बिल विमान उडो न उडो, येतेच. हा ठरीव खर्च वर्षाला 6,000 डॉलर धरला, तर 50 तास उडणाऱ्याला तासामागे 120 डॉलर पडतात आणि 150 तास उडणाऱ्याला फक्त 40. पेट्रोल स्वस्त झाल्याने वाचणारे 12 डॉलर या फरकापुढे किरकोळ ठरतात.

उभे राहिलेले इंजिन आतून गंजतेही. ज्वलनातली वाफ आणि आम्ले तेलात उतरतात आणि ती उडून जायला तेल चांगले तापावे लागते. लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, तेल त्यावरून निथळून जाते आणि महिनोन्‌महिने उभ्या विमानात तोच आधी गंजतो. म्हणून हँगरात मुरलेले मेकॅनिक मालकाला पेट्रोलचा भाव विचारण्याआधी गेल्या महिन्यात विमान किती तास उडाले, ते विचारतात.

टाकीत काय आहे, हे पाहणेही या हिशेबातच येते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाला साचते. दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि दर वेळी पेट्रोल भरल्यावर वैमानिक तळातून थोडे इंधन काढून त्याचा रंग व त्यातले पाणी पाहतो. जेट विमानांचे केरोसीन चुकून पिस्टन इंजिनात गेले तर उड्डाणानंतर काही मिनिटांत इंजिन बंद पडू शकते. म्हणून केरोसीनच्या पंपाची तोटी रुंद ठेवतात, म्हणजे ती पेट्रोलच्या टाकीच्या अरुंद तोंडात जात नाही.

केरोसीनवरचे पिस्टन

हेच केरोसीन पिस्टन इंजिनात मुद्दाम जाळण्याचा मार्गही आहे, पण त्याला इंजिन डिझेल पद्धतीचे हवे. जर्मनीतल्या थीलर्ट कंपनीने मर्सिडीझ मोटारीच्या डिझेल इंजिनावरून विमानाचे इंजिन तयार केले. ते ताशी कमी इंधन घेते आणि केरोसीन जगातल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर मिळते. ही इंजिने जुन्या सेस्ना 172 मध्ये बसवण्याची मंजुरीही मिळाली. पण 2008 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सुटे भाग व हमी यांसाठी ग्राहक अडकून पडले. नंतर हा व्यवसाय कॉन्टिनेंटलकडे गेला आणि इंजिने आजही बनतात. जुन्या विमानाच्या किमतीपेक्षा नवे इंजिन बसवण्याचा खर्च अनेकदा जास्त होतो, त्यामुळे हा मार्ग मुख्यतः वर्षाला शेकडो तास उडणाऱ्या प्रशिक्षण संस्थांना परवडतो.

आपल्याकडे

जे.आर.डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून जुहूला टपाल आणले ते पुस मॉथ या एक इंजिनी विमानातून. वाटेत अहमदाबादला त्या विमानासाठी बर्मा-शेलचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबपासून देशातल्या इतर प्रशिक्षण संस्थांपर्यंत सेस्ना 152 आणि 172 यांचा वापर आजही चालतो.

भारताला लागणारे निळे पेट्रोल अनेक वर्षे आयात होत असे. सप्टेंबर 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनवलेले अ‍ॅव्हगॅस 100 एलएल बाजारात आणले. जानेवारी 2023 मध्ये त्याची 80 पिंपे नवी मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून पापुआ न्यू गिनीला निर्यातही झाली.

मोटारीच्या पेट्रोलची पळवाट मात्र आपल्याकडे बंद आहे, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते. बारामतीच्या धावपट्टीवर दिसणाऱ्या टेकनाम विमानांतले ऑस्ट्रियन रोटॅक्स 912 मालिकेतले इंजिन मुळात शिसेमुक्त पेट्रोलसाठीच घडवलेले आहे, पण तेही 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवून घेते.

2030 च्या उंबरठ्यावर

शिशाचे दिवस आता भरत आले आहेत. अमेरिकेत हवेत मिसळणाऱ्या शिशाचा सर्वांत मोठा स्रोत आता पिस्टन विमाने आहेत. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीने सॅन होजेतल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर 1 जानेवारी 2022 पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद केली. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने विमानांतून येणारे शिसे सार्वजनिक आरोग्याला धोकादायक असल्याचा अधिकृत निष्कर्ष काढला. उद्योग आणि सरकार यांनी मिळून 2030 च्या अखेरीचे लक्ष्य ठेवले आहे, तर कॅलिफोर्निया राज्याने 2031 पासून बंदीचा कायदा केला आहे. युरोपात टेट्राएथिल लेडला 1 मे 2025 पासून खास परवानगी लागते.

अडचण रसायनशास्त्राची आहे. शिशाशिवाय 94 ऑक्टेनपर्यंत जाणे सोपे आहे. स्वीडनच्या येल्मको कंपनीने 1991 पासूनच शिसेमुक्त विमान-पेट्रोल विकले आणि अमेरिकेत स्विफ्ट फ्युएल्सचे 94 ऑक्टेनचे इंधन मिळते. शेवटचे सहा आकडे मात्र फार महाग पडतात. सुमारे 70 टक्के विमानांना कमी ऑक्टेन चालते. उरलेली 30 टक्के जास्त दाबाची, जास्त उडणारी विमाने आहेत आणि विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे 70 टक्के तीच पितात. छोट्या विमानतळाला एकच टाकी परवडते, म्हणून सगळा बाजार या 30 टक्क्यांच्या गरजेला बांधला गेला.

ओक्लाहोमातल्या गामी कंपनीच्या 100 ऑक्टेन शिसेमुक्त इंधनाला सप्टेंबर 2022 मध्ये सर्व पिस्टन विमानांसाठी मंजुरी मिळाली. विक्री सुरू झाल्यावर काही मालकांनी विमानाचा रंग आणि टाकीचे सीलंट खराब झाल्याच्या तक्रारी केल्या आणि त्यावर वाद सुरू झाला. स्विफ्टचे 100 ऑक्टेनचे इंधनही टप्प्याटप्प्याने मंजूर होत आहे. पण ही दोन इंधने एकमेकांत मिसळायला परवानगी नाही. एका गावात एक आणि पुढच्या गावात दुसरे भरणाऱ्या वैमानिकापुढे हा नवाच पेच आहे.

शिसे गेल्यावर काय होते, याचा एक धडा नॉर्थ डकोटा विद्यापीठाने घेतला. जून 2023 मध्ये त्यांनी आपल्या मोठ्या प्रशिक्षण ताफ्याला 94 ऑक्टेनचे शिसेमुक्त इंधन दिले. चार महिन्यांत तपासणीत आढळले, की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका अपेक्षेपेक्षा लवकर झिजत आहेत. विद्यापीठ परत निळ्यावर आले. प्लग बिघडवणारे शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीवर संरक्षक थरही देत होते. इंजिन बनवणाऱ्या लायकॉमिंगने इंधनातल्या सुगंधी हायड्रोकार्बनांच्या प्रमाणाकडेही बोट दाखवले.

जुन्या विमानाच्या मालकासाठी या सगळ्यातून एक व्यवहारी क्रम निघतो. आधी इंजिनाची पाटी आणि मंजुरीची कागदपत्रे पाहायची. दाबगुणोत्तर सातच्या आसपास आणि मूळ दर्जा 80/87 असेल, तर त्या इंजिनाला शिशाची गरज नाही. विमानतळावर 94 ऑक्टेनचे शिसेमुक्त किंवा इथेनॉलविरहित मंजूर पेट्रोल मिळत असेल तर ते घ्यावे, मात्र व्हॉल्व्हवर लक्ष ठेवावे. मिळत नसेल तर निळे वापरावे, मिश्रण पातळ ठेवावे, प्लग स्वच्छ करावेत आणि तेल वेळेवर बदलावे. यापैकी काहीही केले तरी विमान नियमित उडवावे.

शिसे जाईल तेव्हा त्रास होईल तो नव्या, ताकदवान, वेगवान विमानांना. साठीतल्या सेस्ना 150 ला त्या दिवशी फारसे काही बदलावे लागणार नाही. मधली पन्नास वर्षे ती दुसऱ्यांच्या गरजेचे पेट्रोल पीत आली, आणि शिशाशिवाय उडायला ती आजच तयार आहे.